बेदाण्याचा धंदा, नफा चांगला, व्याज कधी थकलं नाही, तरी बँक सीसी (कॅश क्रेडिट) वाढवून देत नाही. ताळेबंदात नेमकं काय बघतात?

तासगावचा_बेदाणेवाला

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय पण आकडे दिल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही म्हणून. तासगावला आमचं बेदाण्याचं फर्म आहे, मी आणि धाकटा भाऊ पार्टनर, धंदा वडिलांपासूनचा. सीसी लिमिट, म्हणजे माल आणि येण्यावर बँकेतनं फिरती उचल करायची मर्यादा, ६० लाख, यंदा १ कोटी करून मागितलं. उलाढाल ४ कोटी ८० लाखाची ६ कोटी १० लाख झाली, नफा १९ लाखाचा २६ लाख झाला, दहा वर्षांत एका महिन्याचं व्याज राहिलेलं नाही. आणि बँक म्हणते वाढ लांबच, तुमची डीपीच (माल आणि येणी बघून प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) ३६ लाख ४५ हजार निघते, खात्यावर ५८ लाख उचललेत, वरचे साडेएकवीस लाख आधी खाली आणा. ऐकून घाम फुटला राव.

३१ मार्च २०२५ चा ताळेबंद सांगतो, सगळे आकडे लाखात. भांडवल ८४, सीसी ५८, कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर दुसरीकडून उचललेलं तारण कर्ज २८, गोडाऊन आणि बेदाणा धुण्याच्या मशीनचं टर्म लोन (हप्त्यानं फेडायचं कर्ज) २४, देणी ४१, किरकोळ देणं ३, घरच्यांचे आणि पाव्हण्यांचे हातउसने ४०. दुसऱ्या बाजूला स्टॉक १००, येणी ६०, गोडाऊन-मशीन ८४, टेम्पो ८, शेतकऱ्यांना ॲडव्हान्स ४, रोख-बँक ३, इतर ॲडव्हान्स १९. दोन्हीकडं २७८.

माझा हिशोब असा की स्टॉकच्या १०० वर २५ टक्के मार्जिन (आपला स्वतःचा वाटा) सोडलं तर ७५, येण्याच्या ६० वर ४० टक्के सोडलं तर ३६, झाले १११ लाख. मग ३६ आणले कुठनं? आमच्या ऑडिटवाल्यांनी करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) १.४३ काढून दिलाय, तो पण बँकेनं मान्य केला नाही. कुणी बँकेतलं माणूस असेल तर नीट समजावून सांगा.

मिरज_जंक्शन

दादा, तुम्ही टर्नओव्हर मेथडनं मागा की. छोट्या उद्योगांना ५ कोटीपर्यंतच्या लिमिटला येणाऱ्या वर्षाच्या विक्रीच्या २० टक्के द्यायचं असा नियमच आहे. पुढच्या वर्षी ७ कोटी धरली तर १ कोटी ४० लाख बसतात. तुम्ही तर १ कोटीच मागताय, बँक उगाच अडवतीय. मॅनेजरला लेखी द्या म्हणावं नकार.

क्रेडिटवाला_निवृत्त

मी सांगली जिल्ह्यातच बँकेत कर्ज विभागात उभी नोकरी काढली, आता घरी असतो. बेदाणेवाले दादा, उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांगा. २८ लाखाच्या तारण कर्जाचा माल त्या १०० लाखाच्या स्टॉकमध्येच धरलाय का? ६० लाख येण्यात ९० दिवसांच्या वरचं किती? ते "इतर ॲडव्हान्स १९" म्हणजे काय? आणि टर्म लोनचे येत्या बारा महिन्यांत भरायचे हप्ते किती?

तासगावचा_बेदाणेवाला

साहेब, आभारी आहे. खरं तेच सांगतो. १) हो, धरलाय. माल आमचाच की, कोल्ड स्टोरेजला आमच्याच नावावर आहे, पावतीप्रमाणं ४० लाखाचा. २) इंदूर आणि दिल्लीच्या पार्ट्यांकडं मिळून २३ लाख जुनं आहे, काही तर मागच्या दिवाळीचं, पण बुडीत नाही, माणसं ओळखीची आहेत. ३) तो सांगली रोडला एक प्लॉट बघितलाय त्याचा विसार, खरेदीखत अजून झालेलं नाही. ४) वर्षाला ६ लाख मुद्दल.

क्रेडिटवाला_निवृत्त

आता सगळं जुळलं. बँकेनं काय केलंय ते पायरीपायरीनं सांगतो, कागद पेन घेऊन बसा.

आधी डीपी. १०० लाखाच्या स्टॉकमधला ४० लाखाचा माल दुसऱ्याकडं तारण आहे, तो आमच्या सीसीसाठी मोजायचा नाही. एकाच म्हशीचं दूध दोन घरी रतीबाला लावता येत नाही. राहिले ६०. त्यातनं देणी ४१ वजा, कारण ज्या मालाचे पैसे तुम्ही अजून दिलेलेच नाहीत त्यात तुमचा पैसा शून्य आहे, तिथं शेतकऱ्याचा नाहीतर अडत्याचा पैसा अडकलाय आणि त्यावर बँकेनं परत पैसा दिला तर एकाच मालावर दोनदा उचल होते. राहिले १९, त्यावर २५ टक्के मार्जिन सोडून १४ लाख २५ हजार. येण्यातलं ९० दिवसांच्या वरचं २३ काढलं की ३७, त्यावर ४० टक्के सोडून २२ लाख २० हजार. बेरीज करा, ३६ लाख ४५ हजार. तुमच्या मॅनेजरनं पैशाचीही चूक केलेली नाही.

मला एक स्टॉक इन्स्पेक्शन आठवतंय. पार्टीनं आम्हाला कोल्ड स्टोरेजला नेलं, रॅकवर पंधरा किलोचे बॉक्स छताला लागलेले, बघून कुणालाही वाटावं की काय धंदा आहे. मी तिथल्या पोराकडनं लॉटचं रजिस्टर मागून घेतलं तर निम्म्या लॉट नंबरांच्या पुढं लाल पेनानं "तारण" लिहिलेलं. पार्टी लबाड नव्हती बरं का, त्या माणसाला तुमच्यासारखंच वाटत होतं की माल आपला म्हणजे आपला. पण मासिक स्टॉक स्टेटमेंटवर तुमची सही असते, आणि त्यात दुसरीकडं गहाण असलेला माल मोकळा दाखवणं ही गोष्ट बँक फार गंभीरपणे घेते. हे पहिल्यांदा दुरुस्त करा, मागची स्टेटमेंट सुधारून स्वतः नेऊन द्या.

आता करंट रेशो. तुमच्या ऑडिटवाल्यांनी प्लॉटचा विसार चालू मालमत्तेत धरला आणि टर्म लोनचे वर्षाचे हप्ते चालू देण्यात घेतले नाहीत, म्हणून १८६ भागिले १३० म्हणजे १.४३ आला. बँकेनं प्लॉट बाहेर काढला, ६ लाखाचे हप्ते आत घेतले, १६७ भागिले १३६, झाला १.२३. मग जुनं येणं २३ वगळलं, १४४ भागिले १३६, म्हणजे १.०६. आकडे तेच, फक्त कुठल्या खणात ठेवायचे एवढाच फरक.

बँका करंट रेशो १.३३ बघतात, तो आकडा कुठनं आला ते पण सांगतो, नुसतं पाठ करून उपयोग नाही. १९७४ ला रिझर्व्ह बँकेनं टंडन समिती नेमली, तिच्या दुसऱ्या पद्धतीत असं होतं की चालू मालमत्ता १०० असेल तर २५ चा पैसा तुमचा लांब मुदतीचा पाहिजे, उरलेल्या ७५ मध्ये बँक आणि बाकीची चालू देणी. १०० भागिले ७५, १.३३. आता बँका थोडं इकडंतिकडं चालवून घेतात पण १.०६ ला कुणी वाढ देणार नाही.

मिरजवाल्या भावांनी टर्नओव्हर मेथड सांगितली, ती रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीची, आहे ती खरीच, पण अर्धीच सांगितली. तिच्यात खेळतं भांडवल विक्रीच्या २५ टक्के धरतात, त्यातले २० बँकेचे आणि ५ तुमचे. ७ कोटीवर तुमचे ५ टक्के म्हणजे ३५ लाख. तुमच्याकडं आज १४४ वजा १३६, फक्त ८ लाख आहेत. बँकेनं १ कोटी ४० लाख दिले तरी ते तुमच्या पैशाची जागा भरून काढतील, धंद्याला नवीन काही मिळणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा पैसा गेला कुठं? मागच्या दोन वर्षांत गोडाऊन, मशीन, टेम्पो मिळून ताळेबंदात किती वाढले आणि घरखर्चाला किती उचल केली ते सांगा.

तासगावचा_बेदाणेवाला

साहेब, वाचून दोन वेळा हिशोब केला, बरोबर येतोय. दोन वर्षांपूर्वी हे सगळं मिळून ४८ होतं, आता ९२. टर्म लोन मधेच घेतलं. दोन वर्षांचा नफा ४५, त्यातली उचल २७, भावाच्या पोरीचं लग्न होतं आणि घराचं काम पण काढलेलं. हातउसने ४० आधीपासूनच आहेत.

क्रेडिटवाला_निवृत्त

मग बघा. लांब मुदतीचा खर्च ४४ आणि प्लॉट १९, मिळून ६३. त्यासाठी लांब मुदतीचा पैसा किती आला, तर नफ्यातनं राहिलेले १८ आणि टर्म लोनचे वर्षाच्या पुढचे १८, मिळून ३६. फरक २७ लाख. हे २७ लाख सीसीतनं आणि शेतकऱ्यांचं देणं लांबवून गोडाऊनच्या भिंतीत आणि प्लॉटच्या विसारात गेलेत. नफा झाला हे खरंच आहे, बँक पण ते नाकारत नाही. पण सीसी म्हणजे माल घेतला, विकला, पैसे आले, परत माल घेतला अशी फिरणारी रक्कम. भिंत विकून एप्रिलमध्ये शेतकऱ्याला पैसे देता येत नाहीत.

आणखी एक, हे हलक्यात घेऊ नका. सीसी खातं डीपीच्या वर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त राहिलं की एसएमए-१ (बिघडायला लागलेलं खातं), ६० च्या वर एसएमए-२, आणि सलग ९० दिवस झाले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. व्याज वेळेवर भरलं असलं तरीही. तिथं पोचला की दुसरी कुठलीही बँक दारात उभं करणार नाही. म्हणून लिमिट वाढवायचा अर्ज आत्ता मागं घ्या आणि बँकेला म्हणा, जादा उचललेल्या रकमेचं वर्किंग कॅपिटल टर्म लोन करून द्या, हप्त्यानं फेडतो.

हिशोबवाली_सांगली

मी टॅक्सचं आणि प्रोजेक्ट रिपोर्टचं काम करते, सांगलीतच. वरच्या साहेबांनी सगळं सांगितलंयच, दोन गोष्टी राहिल्यात त्या जोडते.

हातउसने ४० लाख आहेत त्याचा फायदा करून घ्या दादा. आत्ता बाहेरची सगळी देणी १९४ आणि भांडवल ८४, म्हणजे २.३१ पट. घरच्यांनी जर बँकेला लेखी दिलं की सीसी चालू असेपर्यंत हे पैसे काढणार नाही, तर बऱ्याच बँका ते भांडवलासारखं धरतात, मग १५४ भागिले १२४, १.२४ पटच राहतं. माझ्याकडं असे बरेच जण येतात ज्यांच्या वहिनीचे, मामांचे पैसे धंद्यात असतात आणि एक साधं पत्र न दिल्यामुळं ते सगळं बाहेरचं कर्ज म्हणून मोजलं जातं. मात्र पत्र देणार असाल तर खरंच पैसे काढायचे नाहीत, पुढच्या ताळेबंदात ते लगेच दिसतं.

दुसरं, तुमची विक्री ६ कोटी १० लाख, पण त्यातले या सीसी खात्यात जमा किती होतात? जीएसटीचा ३बी रिटर्न, ताळेबंद आणि खात्यातली जमा हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघतात. अर्धी वसुली दुसऱ्या बँकेच्या करंट खात्यावर घेत असाल तर इथल्या अधिकाऱ्याला तुमचा धंदा अर्धाच दिसणार. आणि ऑडिटवाल्यांवर चिडू नका, पण पुढच्या वेळी सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायचे आकड्यांचे तक्ते) बनवताना समोर बसा आणि प्रत्येक ॲडव्हान्स कशाचा ते सांगा, आम्हाला खातेवहीत नुसतं नाव दिसतं.

सावळज_रोड

आमचा पण बेदाणाच. ३१ मार्चला आपला ताळेबंद बनतो आणि नेमकं तेव्हाच बेदाणा वाळवायच्या शेडवरनं माल यायची धांदल असते, म्हणजे स्टॉक, देणी, सीसी सगळंच फुगलेलं. दिवाळीनंतरचा ताळेबंद काढला तर वेगळंच चित्र दिसंल. आम्ही बँकेला बारा महिन्यांचे स्टॉक, येणी, देणीचे आकडे दिले आणि सीझनपुरतं वाढीव लिमिट, बाकी महिन्यांत कमी, असं मंजूर करून घेतलं. वर्षभर १ कोटी कुणाला पाहिजेत, फेब्रुवारी ते मेपर्यंतच खरी ओढ असते. आणि कोल्ड स्टोरेजच्या मालावर उचल घ्यायचीच असंल तर ज्या बँकेत सीसी आहे तिथंच घ्या, किंवा तिला आधी सांगून घ्या. चोरून घेतल्यासारखं दिसतं नाहीतर, मनात काही नसलं तरी.

तासगावचा_बेदाणेवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भावाला घेऊन बसलो, त्याला पण वाचून दाखवलं. आम्ही दोघं प्लॉटवरनं मागं येतोय, विसार परत द्यायला समोरचा तयार आहे, पंधरा दिवस मागितलेत. उद्या स्टॉक स्टेटमेंट दुरुस्त करून बँकेत जातो. भाऊ इंदूरला जाऊन बसणार आहे वसुलीला. फक्त एक सांगा साहेब, प्लॉटचे १९ आले की टर्म लोनमध्ये भरून हप्ता कमी करू का सीसीत भरू? टर्म लोनचं व्याज जरा जास्त पडतंय.

क्रेडिटवाला_निवृत्त

सीसीत. टर्म लोनला भरले तर चालू देण्यातले फार तर ६ कमी होणार आणि सीसी आहे तिथंच ५८ वर, डीपीच्या वरच. सीसीत भरले की ५८ चे ३९, म्हणजे डीपीच्या वर अडीच लाखच राहतात, भावानं इंदूरहून तीन लाख जरी आणले तरी खातं लाइनीत येतं. रेशो पण १४४ भागिले ११७, १.२३ वर जातो. पूर्ण २३ मधले १२ आले आणि तेही सीसीतच भरले तर १.३७. तेव्हा ताईंनी सांगितलेलं घरच्यांचं पत्र आणि सावळजच्या भावांनी सांगितलेले बारा महिन्यांचे आकडे घेऊन सीझनच्या लिमिटचा अर्ज घाला, डिसेंबरात घाला, फेब्रुवारीत शेडवर माल आल्यावर नको. बँकेला पण तपासायला महिना दीड महिना लागतो.