मदत हवी आहे: वसतिगृहातल्या लेकराची तक्रार आणि बिल्डिंग फंडाचा हिशोब

नमस्कार मंडळी. गाव मराठवाड्यातलं, याहून जास्त सांगत नाही. शाळेचं नाव घेतलं की लेकरू कोणाचं ते अख्ख्या तालुक्याला कळेल.

आम्ही तीन पिढ्यांचे कॅथलिक. आजोबांना बाराखडी मिशनच्या फादरांनीच शिकवली, म्हणून हे लिहिताना हात जड झालाय. चुलत दादाचा मुलगा मिशनच्या शाळेत सातवीला, तिथंच वसतिगृहात. दिवाळीला घरी आला तो परत जाईना. आधी वाटलं, नाटकं करतोय. मग एका रात्री वहिनीला त्यानं एका फादरबद्दल सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही.

दादा प्रिन्सिपल फादरांना भेटला. "बिशप हाऊसला (बिशपांच्या कार्यालयाला) कळवलंय, चौकशी होईल, तोवर बाहेर बोलू नका." महिन्याभरानं त्या फादरची बदली झाली. दुसऱ्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीला आम्ही धर्मग्राम म्हणतो), आणि तिथंही शाळा आहेच! इकडं दादाला निरोप आला, पोराची यंदाची फी माफ.

ही माफीच मला जास्त खुपतेय. तीन वर्षांमागं वसतिगृहाच्या नव्या इमारतीसाठी प्रत्येक पालकाकडून 5 हजार घेतले. मी सोयाबीन विकून पुतण्यासाठी भरले. पावती नाही, एक पिवळी चिठ्ठी. इमारत अजून जोत्यावरच. हिशोब मागितला की "आमची अल्पसंख्याक संस्था आहे, सरकारला दाखवायची गरज नाही." मग फी माफ करायला पैसा कुठल्या खात्यातला?

दादा पोलिसांत जायला भितोय. म्हणतो, समाजात राहायचंय, उद्या पोरीच्या लग्नाला मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) कोण करणार? तो नाहीच गेला तर मी जाऊ शकतो का? आणि हिशोब कुठं मागायचा?

प्रतिसाद 1

वकिली करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. आधी पोलीस, पैशाचं नंतर. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा कायदा, त्याचं कलम 19 सांगतं, ज्याला कळलं त्यानं कळवायचं. म्हणजे तुम्हीसुद्धा. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर उलटी कारवाई होत नाही. न कळवणं मात्र कलम 21 नुसार गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद. जबाब घ्यायला पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं. मुलाच्या घरीही घेता येतो, आईबापासमोर. धीर होत नसेल तर आधी 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा.

"बिशप हाऊसला कळवलंय" हे उत्तर पुरत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये धर्मगुरूंना अशी तक्रार वर कळवणं सक्तीचं केलं, त्याच वर्षी अशा प्रकरणांवरचं पोपांच्या गुप्ततेचं बंधनही काढलं. देशाच्या कायद्याप्रमाणे जे कळवायचं ते त्यामुळं टळत नाही, हेही त्याच नियमात लिहिलंय.

अल्पसंख्याकाचं म्हणाल तर राज्यघटनेचं कलम 30 शाळा चालवायचा हक्क देतं, हिशोब लपवायचा नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा शाळांना आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) वगळलं, त्याचाच लोक वाट्टेल तसा अर्थ लावतेत. सार्वजनिक न्यास कायदा 1950 च्या व्याख्येत चर्चही येतं. संस्थेचा नोंदणी क्रमांक काढा, तुमच्या भागाच्या धर्मादाय कार्यालयात लेखापरीक्षण अहवालाच्या नकला मागा.

प्रतिसाद 2

आमच्याकडं चर्च कमिटीत होतो. चर्चचा स्वतःचा कायदाही तुमच्याच बाजूनं आहे, पण लोकांना सांगत कोणी नाही. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असायलाच लागते (कॅनन 537, कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम). ज्या कामासाठी दान घेतलं त्याच कामाला वापरायचं (1267), आणि भाविकांनी दिलेल्याचा हिशोब भाविकांना द्यायचा (1287). हे कॅनन नंबर टाकून लेखी पत्र द्या, पोच घ्या. तो फादर धर्मप्रांताचा (बिशपांच्या हाताखालचा) की एखाद्या धर्मगुरूंच्या संघाचा तेही बघा. संघाचा असेल तर त्याच्या प्रोव्हिन्शियललाही (संघाच्या प्रांतप्रमुखाला) प्रत पाठवा. मिस्सा करायला दुसरे फादर मिळतेत हो, दादाला सांगा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दादाला हे वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही. वहिनी म्हणाली, उद्या सकाळच्या एसटीनं जाऊ, तुम्ही फक्त सोबत चला. पोरगं मामाकडं ठेवलंय.

रात्री ट्रंक उपसली तर पिवळी चिठ्ठी सापडली. पैसे शाळेच्या ऑफिसात भरले होते, पण शिक्का चर्चचा आहे. मग नकलेचा अर्ज शाळेच्या संस्थेच्या नावानं करायचा की चर्चच्या ट्रस्टच्या?