मदत हवी आहे: संकरित नेपियरचे परागकण पोचट का राहतात? स्लाइडमध्ये दिसतंय ते संकराचं की माझ्या दाबण्याचं?

नमस्कार मंडळी,

मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करते आहे, गाव गुहागर तालुक्यात. प्रकल्पासाठी घरच्या बांधावरचं संकरित नेपियर घेतलं आहे, वाण फुले जयवंत. बाजरी आणि हत्ती गवत (म्हणजे मूळ नेपियर) यांचा हा संकर. ज्यांच्याकडे दुभती गुरं आहेत त्यांना या गवताचं कौतुक सांगायला नको. बी धरत नाही, त्यामुळे पावसाच्या तोंडावर ठोंबं नाहीतर कांड्या लावायच्या, आणि लांबच्या वाडीत न्यायच्या तर डोक्यावर भारे. दिवाळीनंतर दिवस लहान झाले की कापणीतून सुटलेल्या ठोंबांना कणसं येतात. दिसायला भरघोस, पण तळहातावर चोळली की नुसता भुसा. तो भुसा का होतो ते मला परागमातृपेशीत, म्हणजे जिच्या विभाजनातून परागकण तयार होतात त्या पेशीत, बघायचं आहे.

हिशोब सरळ आहे. बाजरीत 14 गुणसूत्रं, हत्ती गवतात 28. एकाकडून 7 आणि दुसऱ्याकडून 14 आली की संकरात 21. हत्ती गवताच्या दोन संचांपैकी एक बाजरीच्या संचाला जवळचा आहे, त्यामुळे 7 जोड्या जमतात आणि उरलेली 7 पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यांसारखी कडेला राहतात. माझ्या स्लाइडमध्ये मेटाफेजला, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात तेव्हा, नेमकं हेच दिसतंय: मध्यावर जोड्या, आजूबाजूला विखुरलेली एकटी गुणसूत्रं. एखाद्या पेशीत तिघांचा गुंताही सापडतो. ॲनाफेजला, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे जातात तेव्हा, ही एकटी मागे रेंगाळतात, आणि चार पेशींचं चतुष्क तयार होतं तेव्हा मुख्य केंद्रकाशेजारी बारीक ठिपक्यांसारखी सूक्ष्मकेंद्रकं राहिलेली असतात. पक्व परागकण ॲसिटोकार्मिन या रंगात टाकले तर बहुतेक रिकामे, सुरकुतलेले, लहानमोठे. इथवर माझी काही शंका नाही.

शंका पुढच्या दोन गोष्टींची आहे.

काही ठिकाणी शेजारशेजारच्या पेशी धाग्याने जोडलेल्या दिसतात आणि एकीतलं रंगलेलं द्रव्य दुसरीत शिरल्यासारखं वाटतं. याला सायटोमिक्सिस म्हणावं का? की कव्हरस्लिपवर अंगठा दाबल्यामुळे पेशी फुटून असं होतं?

दुसरं, चारऐवजी दोनच पेशींच्या जोड्या बऱ्याच दिसतात. गुणसूत्रं निम्मी न होता 21च्या 21 परागकणात जात असतील, तर तसला परागकण जिवंत राहू शकतो असं वाचलंय. तसं खरंच होत असेल तर या गवताला कधीतरी बी धरेल का? मला हा प्रश्न मार्कांपुरता नाही. भारे वाहणाऱ्या बायका माझ्या घरातल्याच आहेत.

पद्धत: पोटरीतलं कणीस सकाळी काढून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड यांत एक दिवस ठेवते, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजात. रंग ॲसिटोकार्मिनचा, सुई गंजकी, म्हणजे लोहाने रंग चढतो. फोटो मोबाइलने काढलेत. इथल्या दमट हवेत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला बुरशी धरते, त्यामुळे कडा धूसर आहेत, सांभाळून घ्या.

प्रतिसाद

बाजरीच्या पैदाशीवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो.

आधी दुसरा प्रश्न, कारण तिथे घाई होईल. गवतवर्गात पहिल्या विभाजनानंतर लगेच भिंत पडते, मग दुसरं विभाजन होतं. म्हणजे दोन पेशींची अवस्था ही नेहमीच्या वाटेवरचीच आहे. ती जोडी पाहून निष्कर्ष काढू नका. ज्या परागकोशात (फुलातल्या परागकणांच्या पिशवीत) आजूबाजूला सगळी चतुष्कं तयार झालीत, त्यातच दोनच्या जोड्या उरल्या असतील तर दखल घ्या. शिवाय पक्व परागकण मोजा. आकारमान दुप्पट झालं तरी व्यास साधारण सव्वापटच वाढतो, त्यामुळे नजरेच्या अंदाजावर जाऊ नका, मायक्रोमीटर लावा. मोठे, गच्च भरलेले, नीट रंगलेले कण वेगळे मोजा.

सायटोमिक्सिस हा शब्द गेट्स यांनी 1911 मध्ये वापरला, तेव्हापासून तुमचाच वाद चालू आहे. दाबल्याने झालं असेल तर द्रव्य एकाच दिशेला फरफटलेलं दिसतं आणि पेशीभित्ती फाटलेली असते. खरं असेल तर भित्ती शाबूत, वाट अरुंद, आणि ते जास्त करून सुरुवातीच्या अवस्थांत सापडतं. एक स्लाइड न दाबता करा, परागकोश थेंबातच सुईने हलके फोडा. आणि त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या द्रावणात साधी बाजरी ठेवा. तिच्यातही धागे दिसले तर दोष हाताळणीचा.

बियाण्याबद्दल खरं सांगतो. 21ची 42 केली की प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि परागकण बरेच सुधारतात. कोल्चिसिन या रसायनाने हे होतं, पण ते विषारी आहे, हातमोज्यांशिवाय आणि मार्गदर्शकाशिवाय हात लावू नका. आणि तसं बी आलं तरी त्यातून उगवलेली रोपं एकसारखी नसतात. म्हणून चाऱ्यासाठी कांडीच टिकून आहे.

धागाकर्ती

धन्यवाद सर. दोन पेशींची अवस्था नेहमीचीच असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या जोड्या मोजणीतून बाजूला ठेवते आणि चतुष्क झालेल्या परागकोशांपुरतीच नोंद करते. बाजरी मात्र आमच्याकडे कुणी लावत नाही, भाताचा मुलूख. घाटावरच्या मैत्रिणीकडून बी मागवून कुंडीत पेरते, पण तिला पोटरी येईपर्यंत नेपियरची कणसं संपतील. तोवर तुलनेला हत्ती गवत चालेल का? त्यात 14 जोड्या नीट जमायला हव्यात, आणि ओढ्याकाठी ते फुललेलं आहे.