कूलरसोबत प्रोसेसरही उपटून आला असेल तर

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर नवा कूलर बसवल्यापासून पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी आणि मदरबोर्डावरचा डीरॅमचा (म्हणजे रॅममध्ये बिघाड दाखवणारा) दिवा पेटलेला, असं तुम्ही म्हणताय. लगेच नवी रॅम घ्यायला धावू नका. एएम४ सॉकेटची (एएमडीचे प्रोसेसर बसतात त्या बोर्डावरच्या खाचेची) ही जुनी खोड आहे. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट घट्ट झाली की जुना कूलर खेचताना, प्रोसेसर धरून ठेवणारा लिव्हर बंद असूनही प्रोसेसर उपटून येतो आणि त्याच्या खालच्या १३३१ पिनांपैकी एखादी वाकते. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असल्याने खापर फुटतं बिचाऱ्या रॅमवर.

प्रोसेसर काढून उजेडात तिरका धरा, पिनांच्या रांगा दोन्ही दिशांनी बघा. वाकलेली पिन पेनपेन्सिलीच्या रिकाम्या टोकाने (शिसं आधी काढा, त्यातून वीज वाहते) हळूहळू सरळ करा. घाई केलीत तर तुटेल. परत बसवताना तो अलगद खाली बसला पाहिजे, दाबायचा नाही.

पिना ठीक निघाल्या तर कूलरचे स्क्रू थोडे सैल करून एकेक रॅम लावून बघा. एकाच बाजूने जास्त आवळल्यानेही कधीकधी एक मेमरी चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधला मार्ग) गायब होतो. लोकांना पटत नाही, पण होतं.

आणि यापुढे कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ लोडवर (जड काम देऊन) चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवा.