पडदा काढला तरी प्रतिमा तिथेच असते
एकांनी लिहिलंय की पडदा नसेल तर भिंगाची वास्तव प्रतिमा (किरण खरोखर एकत्र येऊन बनणारी) तयारच होत नाही. तसं नाहीये. १० सेंमी नाभीय अंतराचं (म्हणजे समांतर किरणांना तेवढ्या अंतरावर एकत्र आणणारं) बहिर्वक्र, मध्ये फुगीर भिंग घ्या, ३० सेंमीवर मेणबत्ती ठेवा. पलीकडे १५ सेंमीवर कागद धरला की उलटी, निम्म्या उंचीची ज्योत उमटते. आता कागद काढा आणि त्याच रेषेत हातभर मागे सरकून भिंगाकडे बघा. तीच उलटी ज्योत भिंगाच्या अलीकडे, हवेत दिसते. किरण तिथे खरोखर एकत्र येऊन पुढे पसरत असतात. कागद त्यांना सगळीकडे विखुरतो, म्हणून बाजूनेही दिसतं, एवढाच फरक. अंधारात करून बघाच, फार सुंदर दिसतं!

मेणबत्ती ५ सेंमीवर आणली की किरण पलीकडे भेटतच नाहीत. प्रतिमा आभासी (किरण तिथून आल्यासारखे नुसते वाटतात, कागदावर उमटत नाही), सुलटी, दुप्पट.

आणि ‘अंतर्वक्र (मध्ये पातळ) भिंग कायम आभासी प्रतिमाच देतं’ असं म्हणतात, ते समोर प्रत्यक्ष वस्तू असेल तेव्हाच खरं. एकत्र येणाऱ्या किरणांच्या वाटेत, ते भेटायच्या थोडं आधी हे भिंग ठेवलं, तर प्रतिमा वास्तवच राहते, फक्त पुढे सरकते आणि मोठी होते. कॅमेऱ्याची टेलिफोटो लेन्स (दूरचं मोठं टिपणारी) याच तत्त्वावर चालते.