मदत हवी आहे: शाळेच्या भिंतीवरच्या मोझॅकचे तुकडे पडतायत, 15 जूनच्या आत काय करू?

पाऊसवेडी
तातडीचं आहे. देवरुखजवळच्या आमच्या गावात शाळेच्या भिंतीवर मोझॅकचं चित्र करतोय, 40 फूट बाय 7 फूट. खाली खाडी आणि मासे, वर झाडं, मधोमध सहा फुटी धनेश. फुटक्या टाइल्स गावभर फिरून जमवल्या. दोन महिने मुलं आणि पालक राबतायत. परवा वळवाचा पाऊस झाला, काल सकाळी धनेशाची चोच गटारात. आणखीही बरंच सुटलंय. 15 जूनला शाळा सुरू. कुठला गम किंवा केमिकल वापरू तेवढं सांगा. "आधी विचारायचं होतं" कृपया नको.

चिरेबंदी
भिंत कसली? चिऱ्याची, विटेची की काँक्रीटची? गिलावा कधी केला? तुकडे कशाने लावले? फोटो टाका.

पाऊसवेडी
चिऱ्याची. गिलावा नवीन केलाय, चांगला आहे. तुकडे जाळीवर चिकटवून मग ती जाळी टाइल अ‍ॅडेसिव्हने भिंतीवर. फोटो चढत नाहीत, इथे रेंजची बोंब आहे.

एक_सल्ला
इपॉक्सी. विषय संपला. आमच्या बाथरूमला लावून आठ वर्षं झाली, एक टाइल हलली नाही.

तुकडेजोड
एक_सल्ला, त्यांची भिंत उघड्यावर आहे. साधं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, आणि 280 चौरस फुटांचा खर्च शाळा करणार की तुम्ही?
पाऊसवेडी, जाळीवर तुकडे कशाने चिकटवले होते? अ‍ॅडेसिव्हचं नाही, त्याच्या आधीचं विचारतोय.

पाऊसवेडी
सुतार वापरतात तो पांढरा गम. शाळेत डबा होता.

तुकडेजोड
मग चोच पडणारच होती. तो गम पाण्याने पुन्हा सैल होतो. बाहेरच्या कामाला वापरायचाच नाही. खरं तर जाळीच नको होती. कागदावर मैद्याच्या खळीने तुकडे पालथे चिकटवायचे, भिंतीवर बसले की ओल्या फडक्याने कागद सोडवायचा. तुकड्याच्या पाठीला थेट अ‍ॅडेसिव्ह मिळतं, मध्ये गम येतच नाही. चित्र मात्र उलटं काढावं लागतं. एकदा मी अक्षरं सरळ मांडून बसलो होतो, ते असो.

एक_सल्ला
आमच्या हॉलमधलं मोझॅक पांढऱ्या गमानेच केलंय. छान टिकलंय.

तुकडेजोड
हॉलमध्ये पाऊस पडतो का?

गच्चीकर
आमच्या गच्चीवर कोब्यावर चायना मोझॅक आहे, तरी खालच्या खोलीत गळतं. इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो, वरून पुन्हा एक थर मारला तर चालेल का?

चिरेबंदी
गच्चीकर, वेगळा धागा काढा हो.
पाऊसवेडी, गमाचं बरोबर आहे, पण सगळं खापर गमावर फोडू नका. पडलेले तुकडे उलटून बघा. पाठीवर काय आहे, आणि भिंतीवर काय राहिलंय? वरचे आणि खालचे वेगवेगळे बघा.

सध्या_बार्सिलोना
किती सुंदर उपक्रम! इथे पार्क ग्वेल या बागेतला तो नागमोडी बाक असाच फुटक्या टाइल्सचा आहे. सगळं श्रेय वास्तुकार गाउदीला मिळतं, पण बाकाचं काम मुख्यतः त्याच्या सहकाऱ्याचं, जुजोलचं. शंभर वर्षं उलटून गेली, लोक रोज बसतात. पाडू नका, प्लीज!

पाऊसवेडी
पाडायचं कोण म्हणतंय, आपोआपच पडतंय.
बघून आले. वरच्या भागात जाळी भिंतीला तशीच घट्ट आहे, तुकडा नुसता हातात येतो. पाठीवर दुधावर येते तशी पांढरी, चिकट साय. खालच्या दोन फुटांत मात्र तुकडा, जाळी आणि गिलावा असा आख्खा पापुद्राच सुटतोय. मागचा चिरा ओला, आणि गिलाव्यावर पांढरी पूड.

चिरेबंदी
म्हणजे दुखणी दोन आहेत. वर गम, खाली पाणी. ती पूड म्हणजे लोणा, ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारे क्षार. एका वळवाने एवढं होत नाही, पाणी मागून येतंय. भिंतीच्या मागे काय आहे?

पाऊसवेडी
मैदान.

चिरेबंदी
मैदान भिंतीच्या पायाशी की माथ्याशी?

पाऊसवेडी
माथ्याशी. भिंत रस्त्याच्या बाजूला आहे ना.

चिरेबंदी
अहो ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ही मातीला टेकू देणारी रिटेनिंग वॉल आहे. पाणी निघायची भोकं कुठायत?

पाऊसवेडी
सात-आठ पाइप बाहेर आलेले होते. चित्रात वाईट दिसत होते म्हणून मीच गवंड्याला बुजवायला सांगितले. तो नको म्हणत होता. पण मैदानाला रोज पाणी मारतात, एवढ्याने भिंत ओली होते?

चिरेबंदी
रोज मारतात तर होणारच. आणि अजून खरा पाऊस यायचाय. भोकं बंद राहिली तर चित्र जाईल ते जाईल, मातीतलं पाणी तुंबून भिंतच पुढे कलेल. खाली रस्ता आहे. उद्या पहिलं काम ते.

एक_सल्ला
भिंतीला पुढून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा, मग इपॉक्सी.

चिरेबंदी
पाणी मागून येतंय. पुढून लेप लावला तर तो लेपही घेऊन पडेल.

तुकडेजोड
खालचं ठीक. वरच्यासाठी विचारतो, गम थेंब-थेंब लावला होता की सगळ्या पाठीला?

पाऊसवेडी
मोठ्या मुलांनी थेंब लावले. पहिली-दुसरीच्या मुलांनी ओतला. चोच पहिलीची.

तुकडेजोड
मग सगळं काढायची गरज नाही. थेंबवाल्यांत जाळीतून अ‍ॅडेसिव्ह वर येऊन उरलेली पाठ धरते. नाण्याने प्रत्येक तुकडा वाजवा. खणखणीत वाजला तर राहू द्या, बद्द वाजला तर काढा. काढलेल्याची साय पूर्ण खरवडून, तिथली जाळीही कापून, थेट लावा. अ‍ॅडेसिव्ह भिंतीला आणि तुकड्याच्या पाठीला, दोन्हीकडे. गोणीवर आयएस 15477 (टाइल अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक) आणि त्यापुढे कुठला टाइप लिहिलाय ते वाचा. टाइप 1 घराच्या आतला, तो नको. व्हिट्रिफाइड तुकडे तर अर्धा टक्काही पाणी पीत नाहीत, नुसत्या सिमेंटच्या गाऱ्याने ते धरतच नाहीत.
आणि मुलांचे हात पोचतील तिथल्या कडा घासल्यात ना?

पाऊसवेडी
कडा घासल्यात, पॉलिश पेपर संपेपर्यंत. गोणीवर टाइप 2 आहे.

झाडपाल्या
एवढा उपद्व्याप कशाला? वारली काढायची होती. एका दिवसात झाली असती.

सध्या_बार्सिलोना
वारलीचं मोझॅक केलं तर?

पाऊसवेडी
आज गवंड्याला पुन्हा बोलावलं. तो काही बोलला नाही, नुसता हसला. पहिलं भोक फोडल्यावर दहा मिनिटं तांबडं पाणी वाहत होतं. दुसऱ्यातून आधी गांडूळ आलं, मग पाणी. मैदानाचं पाणी मारणं बंद केलंय.
वरचं वाजवून झालं. धनेशाचा पंख जवळजवळ सगळा शाबूत, पोट गेलं.
खालची दोन फूट आता लावू का?

चिरेबंदी
नाही. सुटलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवा, पावसाळाभर पाणी वाहू दे. दिवाळीनंतर लोणा कोरड्या ब्रशने झाडा, चिऱ्याला टाचे मारून, म्हणजे गिलावा धरेल अशा खाचा पाडून, नवीन गिलावा करा. त्याला सात दिवस पाणी मारा, महिनाभर वाळू द्या, मग मासे. 40 फूट सलग भरू नका, दर 8 ते 12 फुटांवर उभी फट सोडून त्यात लवचिक सीलंट भरा. भिंतीत आधीची फट असेल तर तिच्यावरून एकही तुकडा नेऊ नका.

पाऊसवेडी
म्हणजे 15 जूनला खाडीशिवाय धनेश. मुख्याध्यापकांना सांगायचं धाडस करते. पहिलीवाल्यांना चोच पुन्हा लावायचीय, या वेळी हातमोजे घालून.
एक शेवटचं. पाइप मोकळे ठेवायचे तर एक बरोबर मोठ्या माशाच्या तोंडात येतोय. तसाच ठेवला तर चालेल ना?

चिरेबंदी
चालेल. फक्त पाइप चित्राच्या पुढे दोन इंच येऊ द्या, नाहीतर तांबडं पाणी माशाच्या पोटावरून ओघळेल आणि ग्राउटवरचे, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी भरतात त्या मसाल्यावरचे, डाग जन्मात निघणार नाहीत.

गच्चीकर
वेगळा धागा काढलाय. दोन दिवस झाले, तिथे कुणीच आलं नाही.