श्रद्धेबद्दल बोलताना जीभ अडते तेव्हा

मडगावचा शेजारी
जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू झाली, की ऑफिसात दरवर्षी तोच प्रश्न येतो: "तुम्ही तिथं नेमकं काय करता?" आणि चांगला बोलका माणूसही "असंच, मीस (चर्चमधली उपासना) असते" म्हणून फाइलीत डोकं घालतो. संकोच कसा घालवायचा, त्याची रीत सांगा.

मीच सुरुवात करतो. माझ्या मते संकोच श्रद्धेचा कमी आणि तयारी नसल्याचा जास्त असतो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 26 काढा. येशूचा प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे तीन भागांत बोलतो: आधी कसा होतो, दमास्कसच्या वाटेवर काय घडलं, पुढे काय बदललं. तसंच आपलं कागदावर लिहा. 300 शब्द, म्हणजे तीनेक मिनिटं. मोठ्यानं वाचून बघा. बिघडतं कुठं, तर पहिला भाग फुगतो. जुनी पापं रंगवून सांगितली जातात आणि येशूच्या वाट्याला शेवटची दोन वाक्यं येतात. मधला भाग निम्मा तरी हवा.

बार्देशकर बाय
कँटीनमध्ये तीन मिनिटं कोण देतो दादा? अर्ध्या मिनिटाचंही तयार ठेवा. राखेच्या बुधवारी कपाळावरची राख बघून विचारतातच. "ईस्टरपर्यंत रविवार सोडून 40 दिवस उपवासाचे. आपण मातीचे, मातीत जाणार, याची ही राख. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात." बस्स. पुढचं विचारलं तरच पुढचं. आणि राख पुसून कामावर जाऊ नका हो.

सत्तरीकर
1 पेत्र 3:15 मधलं "उत्तर द्यायला तयार राहा" सगळ्यांना पाठ, त्याच वचनातली सौम्यता मात्र विसरतात. आमच्याकडे चहूबाजूंनी हिंदू घरं. तुलना अजिबात करायची नाही. देवळाबद्दल एक वाकडं वाक्य गेलं, की समोरचा आपल्या घराची बाजू घ्यायला उभा राहतो, मग येशूबद्दल काही ऐकूच जात नाही.
चवथीच्या प्रसादाबद्दल आपल्यातच दोन मतं आहेत. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे 1 करिंथ 8 आणि 10 दोन्ही वाचून घरीच ठरवा. दारात उभं राहून ठरवायला गेलं, तर चेहऱ्यावर दिसतं आणि यजमानाला लागतं. घेणार नसाल तर चहा मागून घ्या आणि अर्धा तास नीट बसा.

फोंड्याची परिचारिका
ड्युटीवर आहे, पटकन लिहिते. आजाऱ्याला आधी विचारा, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" नको म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तर एक मिनिट, त्यांचं नाव घेऊन, साध्या मराठीत, हळू आवाजात. "बरे व्हालच" असं वचन देऊ नका. गोळ्या बंद करा, असं तर कधीच नाही!
पैसे, फी, नोकरी यांच्याशी सांगड नको. घटनेचं कलम 25 प्रचाराचं स्वातंत्र्य देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलंय. मदत जरूर करा, पण त्याच भेटीत धर्माचं बोलू नका.

साष्टीकर
मे महिन्यात वाड्यावरच्या क्रुसाकडे लादीन (सामूहिक प्रार्थनागायन) असते, तेव्हा शेजाऱ्यांना बोलवा. योहान 1:46 मध्ये येशूचा शिष्य फिलिप वाद घालत बसत नाही, "येऊन पाहा" म्हणतो. ज्याला बोलायची भीती, त्यानं लादीननंतर चणे वाटायचं काम घ्यावं, लोक आपणहून विचारतात. 30 माणसांना दोन किलो सुके चणे पुरतात. चिमूटभर सोडा घाला.

बार्देशकर बाय
सोडा नको, साल सुटते. रात्रभर भिजवले की झालं.

मडगावचा शेजारी
देव बरें करूं सगळ्यांचं. मराठीतून बोलायला लाजणाऱ्यांसाठी: इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी मराठी ओवीत रचलेलं, येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये इथंच, राशोलला छापलं गेलं. ही भाषा आपल्या श्रद्धेला परकी नाही. लूक 15 मधला हरवलेला मुलगा स्वतःच्या शब्दांत, पाच मिनिटांत सांगायचा सराव करा. धाकटा परतला म्हणून आत मेजवानी चालू आणि मोठा भाऊ अंगणात रुसून उभा असतो, तिथंच थांबा. अर्थ सांगू नका. "तो आत गेला असेल का?" एवढं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या.

साष्टीकर
हे चांगलं आहे, करून बघतो. बाय, चण्यांत खोबऱ्याचे काप कधी घालायचे?

बार्देशकर बाय
गॅस बंद केल्यावर. मीठही तेव्हाच.