शब्दचर्चा : अलगद म्हणजे हळू नव्हे

गेल्या गणपतीत भाचीला उकडीचे मोदक चाळणीतून काढायला सांगितले. "अलगद काढ गं," एवढंच म्हटलं. तिने एकेक मोदक इतका हळू उचलला की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. तरी चार मोदकांची बुडं चाळणीलाच राहिली आणि सारण उघडं पडलं. "मावशी, हळूच तर काढले!" हळू काढले हे खरंच होतं, पण अलगद नव्हते काढले. मग तिला दाखवलं. वाफ जराशी जाऊ द्यायची, बोटं गार पाण्यात बुडवायची, बुडाशी बोट फिरवून मोदक आधी सुटा करायचा आणि मग उचलायचा. एकदा सुटा झाला की उचलायला क्षणभर पुरतो.

तिच्या मते दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. तिचा काय दोष? पटकन अर्थ विचारला तर आपणही 'अलगद म्हणजे हळुवार, सावकाश' असंच सांगून मोकळे होतो. पण हळू हा वेगाचा शब्द आहे आणि अलगद हा स्पर्शाचा, असं माझं म्हणणं. किती वेळ लागला याच्याशी अलगदला फारसं देणंघेणं नाही. एक वस्तू दुसरीपासून सुटली किंवा दुसरीवर टेकली, त्या घडीला धक्का बसला का, ओरखडा उठला का, काही चिकटून राहिलं का, एवढंच तो बघतो.

शब्दाच्या पोटातच 'अलग' दिसतो. हा अलग संस्कृत 'अलग्न'वरून आला, म्हणजे न चिकटलेला. 'लग्' म्हणजे चिकटणं, लागणं. लागणे, लगत, लगट, लगोलग ही सगळी त्याच गोतावळ्यातली, आणि लग्नही. तेव्हा लग्न आणि अलग एकाच घरात जन्मलेले आहेत. यावर ज्याने त्याने आपापल्या अनुभवानुसार हसावं. २०२० साली अलगीकरण आणि विलगीकरण हे दोन शब्द रोज कानावर आदळायचे आणि त्यांतला फरक सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सांगता येत नसे, तेही याच कुळातले. पण त्या अलगमध्ये दुरावा आहे. अलगदमध्ये तो नाही, उलट माया आहे. झोपलेलं बाळ खांद्यावरून पाळण्यात ठेवताना आपण जे करतो ते अलगद. आधी बूड टेकवायचं, मग पाठ, मग डोकं, आणि मानेखालचा हात सगळ्यांत शेवटी काढून घ्यायचा. बाळ उठतं ते ठेवताना नव्हे, हात काढताना. आयांना हे विचारून बघा.

वेगाचा संबंध नाही म्हणते त्याचा पुरावा चंद्रावर आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ चं विक्रम अलगद उतरलं असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण उतरायला सुरुवात केली तेव्हा ते सुमारे ३० किलोमीटर उंचीवर होतं आणि सेकंदाला साधारण १.६८ किलोमीटर, म्हणजे ताशी सहा हजार किलोमीटरांच्या आसपास वेगाने पळत होतं. याला हळू कोण म्हणेल? इंजिनांच्या उलट्या जोरावर हा वेग मारत मारत, जमिनीला टेकताना सेकंदाला दोन मीटरांच्या आत आणायचा होता. म्हणजे रस्त्याने भराभर चालणाऱ्या माणसाएवढा. निघताना इंधनासकट पावणेदोन टन भरणारं धूड तसं टेकलं म्हणून अलगद. त्याआधीचं चंद्रयान-२ चं विक्रम ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे आदळलं. दोघांचा बराचसा प्रवास सारख्याच वेगाचा होता. फरक पडला तो शेवटच्या टप्प्यात, आणि 'अलगद' की 'आदळलं' हे तिथेच ठरलं.

गाण्यातही हेच. विलंबित एकतालात बारा मात्रांचं लांबलचक आवर्तन, त्यात गायक कुठल्या कुठे भटकून येतो. आवर्तन संपलं की काहीजण समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आदळतात, काहीजण अलगद येऊन टेकतात. दोघंही चुकलेले नसतात, सम दोघांनाही सापडलेली असते. पण दुसऱ्याच्या वेळी मान डोलते, आणि डोलली हे नंतर कळतं.

पोलिसांच्या बातम्यांतला 'अलगद' मात्र खट्याळ आहे. 'सापळा रचला आणि आरोपी अलगद जाळ्यात सापडला.' इथे माया कसली! इथे झटापट झाली नाही, पाठलाग झाला नाही, गडी आपल्या पायांनी चालत आला, एवढाच अर्थ. क्रिकेटमध्येही तसंच, 'मिडऑनला अलगद झेल देऊन बाद'. फलंदाजाने झेल जणू ताटात वाढून दिला. आणि कार्यालयांत, कुटुंबांत, राजकारणात चालतो तो तिसरा प्रकार: 'प्रकरण अंगाशी येतंय म्हटल्यावर साहेब अलगद बाजूला झाले.' यात कौतुक आणि शिवी दोन्ही आहेत. मूळ अर्थ मात्र कायम आहे, साहेबांना काही चिकटलं नाही.

पाकीटमाराचंही तेच. गर्दीच्या लोकलमध्ये माझ्या पर्समधलं पाकीट कुणीतरी काढून घेतलं, ते दादरला उतरून चहाचे पैसे द्यायला गेले तेव्हा कळलं. क्षणार्धाचं काम असणार ते. तरी घरी येऊन मी सांगितलं ते "अलगद काढलं गं मेल्याने" असंच. हळू काढलं असं म्हणाले असते तर नवऱ्याने विचारलं असतं, मग तू काय करत होतीस?

शेजारपाजारचे शब्द जरा तपासू. 'हळूच'मध्ये चोरटेपणा आहे. मुलं फ्रीज हळूच उघडतात, अलगद नाही. 'हलकेच' आणि 'अलवार' कवितेत जास्त रमतात. भाजीबाजारात कोणी "टोमॅटो अलवार ठेवा" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, "वर ठेवा हो, अलगद" हे रोज ऐकते. 'सुळकन' हा निसरड्यांचा शब्द. साबण, मासोळी, साप, आणि वर्गातून मागच्या दाराने जाणारा मुलगा. 'सुरळीत' व्यवस्थेला लागतो. पाणीपुरवठा, वाहतूक, परीक्षा सुरळीत असतात किंवा नसतात. बाळंतपणही सुरळीत पार पडतं. पण पाणीपुरवठा कधी अलगद होत नाही. नळाला हवेचा फुसकारा देत येणाऱ्या पाण्याला तर नाहीच नाही.

माझी आजी 'अल्लाद' म्हणायची. "पोळी अल्लाद उचल, पुरण बाहेर यील." पुरणपोळी लाटण्यावर घेऊन पोळपाटावरून तव्यावर नेताना तिचा श्वाससुद्धा थांबायचा. त्या दोन 'ल'मध्ये एक छोटासा झोका आहे, तो मला अलगदमध्ये सापडत नाही.

एक तक्रारही नोंदवून ठेवते. हल्ली 'अलगदपणे' फार दिसतं. अलगद आधीच क्रियाविशेषण आहे, त्याला 'पणे'ची शेपटी कशाला? 'हळूपणे' कोणी म्हणत नाही. 'अलगद स्पर्श' असा विशेषणासारखा वापर चालतो, कानाला खटकत नाही. पण 'अलगदपणे उचलले' वाचलं की अलगद ठेवलेल्या कपाला कोणीतरी वरून टिचकी मारल्यासारखं वाटतं.

आता माझ्या म्हणण्याला जिथे तडा जातो तेही सांगते. मांजर पिल्लाला मानगुटीत धरून माळ्यावर नेते तेव्हा आपण 'अलगद दातांत धरून' म्हणतो. तिथे सुटणं नाही, चांगली पकड आहे. पण दात लागतात आणि रुतत नाहीत, म्हणून ते निभावतं. दुसरं उदाहरण जास्त अडचणीचं. टेबलावर कपबशा मांडलेल्या आहेत आणि जादूगार खालचं कापड असं ओढतो की एकही कप हलत नाही. धक्का नाही, ओरखडा नाही, कापड स्वच्छ सुटून आलं. माझ्या हिशेबाने हे अलगद ठरायला हवं. पण "कापड अलगद ओढलं" असं म्हणून बघितलं तर कान तयार होत नाही, 'झटक्यात' किंवा 'सर्रकन' मागतो. पाकीटमाराला जे चालतं ते जादूगाराला का चालत नाही? कदाचित आपण त्याचा हिसका डोळ्यांनी बघतो म्हणून. पाकीटमाराचा हात कोणी बघितलेलाच नसतो.

भाचीला विचारलं, तर ती म्हणाली, "मावशी, जादूगार कापड सुळकन ओढतो." मला हे अर्धंच पटलंय. तुमच्या घरी काय म्हणाल?